खालचा अर्धा

मागुवोच्या धावपट्टीवर, सत्तेचाळीस साली,
माझं काम एवढंच होतं:
विमानावरचा जपानी सूर्य
खालून अर्धा पांढरा करायचा.
वरचा अर्धा तसाच.
लाल वर, पांढरा खाली, झाला आपला झेंडा.
कप्तान म्हणाला, लाल रंग वाचतो.

वाचतोच.
मी मूळचा पाट्या रंगवणारा.
योग्याच्या बाजारात एकाच फळीवर
आधी डच बेकरी, मग जपानी खानावळ,
मग आमची सहकारी पतपेढी, सगळं मीच लिहिलं.
खरवडायला वेळ कुणाला होता?
फळी जाड होत गेली,
मी वाळत गेलो.

विमानं म्हणजे तरी काय,
शिकाऊ पोरांची, दुमजली पंखांची, कापडी,
गवतात नाक खुपसून पडलेली.
एकीच्या बैठकीत कोंबडी अंड्यांवर बसलेली;
पिल्लं निघेपर्यंत तुकिरान मिस्त्रीनं
त्या विमानाला हात लावला नाही.
तीन मोडक्यांतून एक उभं राहिलं.
पंखाच्या चिंध्या वागियेम आणि तिच्या जावा शिवत.
बातिकवाल्या बायका त्या,
टाका इतका नाजूक घालत
की तुकिरान ओरडे, अगं, हे नेसायचं नाहीये!

आतल्या तबकड्यांवर त्यांची अक्षरं.
ती वाचायला जुमादी, वय पंधरा.
शाळेत एकेक अक्षर एकेका थपडेला शिकलेला.
आता बोट ठेवून सांगायचा:
तेल. उंची. हात लावू नये.
आणि दुसरा हात आपोआप गालाकडे जायचा.

पांढरा रंग कुठला मिळायला?
जस्ताची भुकटी, सरस, थोडा चुना.
एक हात पुरत नसे. दुसराही नाही.
वाळला की आतून गुलाबी वर यायचं,
जखमेवरच्या पट्टीतून येतं तसं.

आणखी एक सांगायचं राहिलं.
माझा भाऊ पोनिजान ज्या ट्रकमधून गेला
रूळ टाकायला, तीन महिन्यांसाठी,
त्या ट्रकच्या दारावरचा सूर्य
मीच काढला होता.
मापाला आईची जेवायची थाळी, भोवती पेन्सिल.
ओल्या रंगावर त्यानं बोट लावलं नि हसला.
तीन महिन्यांची चार वर्षं झाली.
म्हणून वरच्या अर्ध्याकडे
मी शक्यतो बघत नसे.

पहिलं विमान पहाटे निघालं, अंधारातच.
पायलट सुवोंदो, विशीही न गाठलेला,
मागच्या बैठकीतल्या पोराच्या मांडीवर बॉम्ब,
लेकरासारखा धरलेला.
दिवे नव्हते, रॉकेलच्या चिमण्या लावल्या होत्या.
ते आमच्या गावावरून गेलं तेव्हा
आई भाताचं पातेलं टाकून बांबूच्या खाटेखाली शिरली.
मी नंतर सांगितलं, आई, आपलं होतं ते.
ती म्हणाली, मग तसं वाजत का नाही?
आवाजावर फिरवायला
माझ्याकडे कुंचला नव्हता.

सुवोंदो परत आला. चाकाला उसाची पानं अडकलेली.
उतरल्या उतरल्या त्यानं जुमादीला हाक मारली:
हे काय रे कोरलंय इथं, सीटच्या कडेला?
आडव्या-उभ्या रेघा, ओळीनं.
जुमादी म्हणाला, त्यांची मोजणी आहे.
पाच रेघांचं एक अक्षर होतं. अर्थ, बरोबर.
एकदा सुखरूप उतरलं की एक रेघ.
शेवटचं अक्षर अर्धवट होतं,
तीनच रेघा.
कोण होता, कुठे गेला, काय माहीत.
सुवोंदोनं खिशातून खिळा काढला
आणि जुमादीला विचारून विचारून
चौथी ओढली.

पाचवी तळाची असते, आडवी,
बाकीच्या चार जिच्यावर उभ्या राहतात ती.

पुढच्या आठवड्यात पाऊस झाला, सरस सुटला.
मी डबा घेऊन मैदानावर गेलो.
गवतात चिमण्या अजून ओळीनं मांडलेल्या.
तुकिरान म्हणाला, बस जरा.
संध्याकाळपर्यंत बसलो.
डब्यातल्या पांढऱ्यावर साय धरली.